बॅटलटेकमध्ये १०० टनी मेक खेळवताना: तोंड कुठे, पाठ कुठे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅटलटेक हा मेकच्या, म्हणजे पायलटने चालवायच्या महाकाय लढाऊ यंत्रांच्या, लढायांचा पटावरचा खेळ. त्यात अ‍ॅटलससारखा १०० टनी मेक पटावर पहिल्यांदा उतरवणारा बहुतेक जण त्याच्या तोफांकडे बघतो. दोनचार डाव खेळून झाले की लक्ष पाठीकडे जातं, आणि मग प्रश्न सुरू होतात. खालची उत्तरं हेक्सच्या (षटकोनी घरांच्या) पटावरच्या नेहमीच्या नियमांप्रमाणे आहेत. उदाहरणासाठी सगळीकडे अ‍ॅटलसचं एएस७-डी हे जुनं मॉडेल घेतलं आहे. चालताना हालचालीचे ३ पॉइंट, पळताना ५, उडी नाही. इतका हळू मेक जाईल कुठे हे समोरच्याला आधीच कळलेलं असतं. ते लपवता येत नाही. लपवता येतं ते एवढंच, की तो तिथे पोचून तोंड कुठे करणार. माझ्या मते मोठा मेक खेळवण्याचं सगळं कसब त्यातच आहे.

मेकचं तोंड कशावरून धरायचं? पायांवरून, धडावरून की डोक्यावरून?

पायांवरून. मेक हेक्सच्या सहा कडांपैकी एका कडेकडे तोंड करून उभा असतो, आणि ती कड पायांची. हालचाल, लाथ आणि मार कुठल्या दिशेने बसला हे तिन्ही पायांवरून मोजतात.

गोंधळ होतो तो बाहुल्यांमुळे. चांगल्या घडवलेल्या बाहुलीत एक पाय पुढे असतो, कंबर वळलेली असते, डोकं तिसरीकडेच बघत असतं. माझ्या पहिल्या अ‍ॅटलसचं धड उजवीकडे झुकलेलं होतं. चौथ्या फेरीत समोरच्याने पाठीवर मार सांगितला आणि मी म्हणाले बाजूवर. दोघंही खरं बोलत होतो, कारण तो पाय बघत होता आणि मी छाती. त्या रात्री मी बाहुलीच्या षटकोनी तळाच्या पुढच्या कडेवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली आणि मागच्या कडेवर लाल ठिपका दिला. तेव्हापासून माझ्या प्रत्येक मेकच्या तळावर या दोन खुणा असतात. तुम्हीही डाव मांडण्याआधी त्या करून घ्या. तळ गोल असेल तर जास्तच गरज आहे.

फायरिंग आर्क आणि मार कुठून आला ते मोजायचं वर्तुळ, दोन्ही एकच ना?

नाही, आणि मोठ्या मेकबद्दलच्या निम्म्या चुका इथेच होतात. मेकभोवती दोन वेगळी वर्तुळं आहेत असं समजा.

पहिलं वर्तुळ आपल्या माऱ्याचं, म्हणजे फायरिंग आर्क. समोरचा आर्क १२० अंशांचा. धडातली आणि डोक्यातली शस्त्रं तेवढ्यात चालतात. डाव्या हाताला त्याशिवाय डावीकडचे ६० अंश मिळतात, उजव्या हाताला उजवीकडचे ६०. उरलेले मागचे १२० अंश फक्त मागे बसवलेल्या शस्त्रांचे.

दुसरं वर्तुळ आपल्याला बसणाऱ्या माराचं. मारणाऱ्याच्या हेक्सच्या मध्यापासून आपल्या हेक्सच्या मध्यापर्यंत सरळ रेघ धरा आणि ती आपल्या हेक्समध्ये कुठल्या कडेतून शिरते ते बघा. पुढच्या तीन कडांपैकी कुठलीही असेल तर मार समोरून. मागची डावी कड म्हणजे डावी बाजू, मागची उजवी म्हणजे उजवी बाजू. बरोबर मागची एकच कड म्हणजे पाठ. म्हणजे समोरचा भाग १८० अंशांचा, दोन्ही बाजू ६०-६० च्या, आणि पाठ फक्त ६० अंशांची. रेघ नेमकी दोन कडांच्या कोपऱ्यातून गेली, तर कुठली कड धरायची ते मार खाणारा ठरवतो.

आता हे पटावर मोजून बघा. चिकटून असलेल्या ६ हेक्सपैकी पाठीचा हेक्स एकच. दोन हेक्सवरच्या कड्यात १२ हेक्स असतात, त्यांतही नक्की पाठीचा एकच, आणि त्याच्या शेजारचे दोन कोपऱ्याच्या रेघेवर, जिथे निवड तुमची. तीन हेक्सवरच्या १८ पैकी पाठीचे ३. पाठ वाटते त्यापेक्षा पुष्कळ अरुंद आहे, आणि शत्रू जितका जवळ तितकी त्याला जागा कमी.

यातूनच सगळ्यात उपयोगी हिशेब निघतो. पाठीमागे आलेल्याच्या दिशेने एक कड वळलात, की तो पाठीवरून बाजूवर येतो. दोन कडा वळलात की तो समोर येतो. हे दर वेळी खरं ठरतं, अंतर कितीही असो. एका पॉइंटात पाठ झाकली जाते.

पाठीवर मार बसला तर असं काय मोठं बिघडतं? अ‍ॅटलसला तर भरपूर आर्मर आहे.

अ‍ॅटलसला एकूण ३०४ आर्मर आहे, हे बरोबर. ते कुठे आहे ते बघा. मधल्या धडाला पुढून ४७, मागून १४. डाव्या-उजव्या धडाला पुढून ३२, मागून फक्त १०. हातांना ३४, पायांना ४१, डोक्याला ९.

मीडियम लेझर ५ चं नुकसान करतो. म्हणजे पाठीमागे बाजूच्या धडावर दोन मीडियम लेझर बसले की तिथलं आर्मर संपलं, आणि मधल्या धडावर तिसरा बसला की सांगाड्याला धक्का. पुढून तेच काम करायला मधल्या धडावर दहा लेझर लागतात.

पाठीवरच्या प्रत्येक फटक्याने पाठच लागते असंही नाही. दोन फाशांची बेरीज ६, ७, ८ किंवा २ आली तर धड लागतं, म्हणजे ३६ पैकी १७ वेळा. बाकी फटके हातापायांवर जातात, क्वचित डोक्यावर, आणि तिथे पुढचं-मागचं आर्मर वेगळं नसतंच. म्हणून एखादा लेझर मागून आला तर घाबरू नका. पण ३५ टनांचा जेनर जेआर७-डी पाठीमागे आला, तर त्याच्याकडे चार मीडियम लेझर आणि एक एसआरएम-४ (जवळच्या पल्ल्याची क्षेपणास्त्रं) असतो. त्याने पळत येऊन मारलं आणि अ‍ॅटलस जेमतेम हललेला असला, तर गनरी (नेमबाजीचा आकडा) ४ असलेल्या पायलटला जवळून दोन फाशांवर ६ किंवा जास्त लागतात. ३६ पैकी २६ वेळा हे जमतं. दोन फेऱ्या त्याला तिथे राहू दिलं की पाठ उघडी पडते.

सांगाड्यापर्यंत मार पोचला की क्रिटिकलचे फासे पडतात, म्हणजे आतला कुठला भाग निकामी झाला ते ठरवणारे. अ‍ॅटलसच्या मधल्या धडातल्या १२ जागांपैकी ६ इंजिनाच्या, ४ जायरोच्या (तोल सांभाळणाऱ्या यंत्राच्या) आणि २ मागच्या लेझरच्या. १२ पैकी १० जागी घाव बसला तर तो जिव्हारी लागतो.

धड वळवून पाठ वाचवता येते का? कॉम्प्युटर गेममध्ये मी तसंच करतो.

पटावर येत नाही. टॉर्सो ट्विस्टने धड एक कड डावीकडे किंवा उजवीकडे वळतं, आणि त्याबरोबर आपल्या माऱ्याचं वर्तुळ वळतं. बसणाऱ्या माराचं वर्तुळ पायांचं असतं, ते जागचं हलत नाही. कॉम्प्युटर गेममधून आलेल्या खेळाडूंचा हात सवयीने इथेच जातो. मार यायच्या वेळी खांदा पुढे करायचा, ही तिथली युक्ती इथे नाही.

पण ट्विस्टला कमी लेखू नका. उजवीकडे वळलं की उजव्या हाताचा मारा बरोबर पाठीमागच्या रेघेपर्यंत पोचतो, डावीकडे वळलं की डाव्याचा. म्हणजे दोनपैकी एक हात कुठेही पोचतो. ट्विस्ट मारा करण्याच्या टप्प्यात होतो, सगळे हलून झाल्यावर, आणि त्याला पॉइंट लागत नाहीत. फेरीच्या शेवटी धड पुन्हा पायांच्या रेषेत येतं.

वळायला किती पॉइंट जातात?

प्रत्येक कडेला १. पूर्ण मागे वळायला ३, म्हणजे चालणाऱ्या अ‍ॅटलसची सगळी चाल.

वळण्याचा खरा खर्च मात्र दुसरीकडे दिसतो. दोनपर्यंत हेक्स हललेल्या मेकवर नेम धरणाऱ्याला काहीच अडचण नसते, ३-४ हेक्सला त्याला १ जास्त लागतो, ५-६ ला २. अ‍ॅटलस सरळ ५ हेक्स पळाला तर २ मिळतात. एक कड वळून ४ हेक्स गेला तर १ मिळतो, आणि दोन कडा वळून ३ हेक्स गेला तरी तेवढाच. तीन कडा वळला तर २ हेक्स उरतात आणि काहीच मिळत नाही. म्हणून पळताना एकदा वळणार असाल, तर दुसरं वळण फुकट पडतं हे लक्षात ठेवा. ते वळण पाठ लपवायला वापरा. एवढंच की पळाल्यावर आपल्याच नेमाला २ चा तोटा असतो, चालल्यावर १ चा. जागेवर नुसतं वळलात तरी ते चालणंच धरतात.

मागे चालत गेलं तर तोंड समोर राहतं. मग सतत तेच का करू नये?

मागे चालता येतं, मागे पळता येत नाही. सपाट जमिनीवर ३ हेक्स मागे आलात तर शत्रू समोरच राहतो आणि नेमाचा १ ही मिळतो, त्यामुळे लांब पल्ल्याच्या डावात ही चाल मला फार आवडते. एलआरएम-२० (लांब पल्ल्याची क्षेपणास्त्रं) चा पल्ला २१ हेक्सपर्यंत आहे आणि ६ हेक्सच्या आत त्याचा नेम बिघडतो. शत्रू जवळ येईल तसं मागे सरकत राहणं अशा वेळी शहाणपणाचं.

पण अ‍ॅटलसचा खरा घाव म्हणजे एसी-२० ही मोठी तोफ (ऑटोकॅनन), आणि तिचा पल्ला ९ हेक्स. सतत मागे सरकणारा अ‍ॅटलस तो घाव वापरतच नाही. शिवाय मागे सरकताना काठ कधी जवळ आला हे कळत नाही.

इनिशिएटिव्ह हरलो तर मोठा मेक आधी हलवायचा की शेवटी?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि माझं मत बहुतेकांपेक्षा वेगळं आहे.

दर फेरीत दोन्ही बाजू दोन-दोन फासे टाकतात. हरणारा आधी हलतो, मग आळीपाळीने एकेक मेक. नवशिक्यांना सहसा सांगतात की अ‍ॅटलस हळू आहे, तो कुठे जाणार हे सगळ्यांना दिसतंच, मग तो आधी हलवून टाका आणि चपळ मेक शेवटी ठेवा. यातला पहिला भाग खरा आहे. पण वर म्हटलं तसं, अ‍ॅटलसची जागा उघड असते, तोंड नसतं. तो आधी हलवला की तोंडही उघड होतं. मग समोरच्या जेनरला काय हवं? तो बघतो, मोजतो, आणि पाठीच्या त्या एका हेक्सवर जाऊन बसतो.

तेच अ‍ॅटलस जेनरनंतर हलला तर चित्र बदलतं. समजा जेनर तुमच्या बरोबर पाठीमागे तीन हेक्सवर येऊन थांबला. आता तुमची पाळी. उजवीकडे एक कड वळा, खर्च १ पॉइंट. जेनर पाठीवरून उजव्या बाजूवर आला, म्हणजे १० आर्मरच्या जागी ३२. मारा करायची वेळ आली की धड आणखी एक कड उजवीकडे वळवा. जेनर आता समोरच्या आर्कच्या अगदी काठावर आहे, पण आर्कमध्ये आहे. आणि एसी-२० उजव्या धडात आहे. जो पाठ फोडायला आला होता, त्याच्यावर २० चा फटका बसू शकतो. एक पॉइंट आणि एक ट्विस्ट यांत हे सगळं झालं.

ही चाल मला एका हरलेल्या डावाने शिकवली. त्या डावात मी इनिशिएटिव्ह हरले होते आणि समोर एक हंचबॅक (५० टनी मेक) उभा होता. एसी-२० चा नेम त्याच्यावर नीट लागावा म्हणून अ‍ॅटलस पहिलाच हलवला, आणि त्यासाठी एक कड जास्त वळले. त्याच वळणाने पाठ मोकळ्या माळाकडे गेली. जेनर आला, तीन लेझर लागले. फासे पडले ७, ७ आणि ६. मधल्या पाठीचे १४ चे ४ झाले, उजव्या पाठीचे १० चे ५. पुढच्या फेरीत पुन्हा हरले, पुन्हा ७ पडला. उरलेले ४ गेले आणि १ आत गेला. क्रिटिकलच्या फाशांनी जायरो धरला, तोल सावरण्याचा रोल ३ ने अवघड झाला आणि अ‍ॅटलस कोसळला. पुढून त्याच्या मधल्या धडावर तोवर एक ओरखडाही नव्हता. हंचबॅकवर मारलेली एसी-२० चुकली होती, पण ती लागली असती तरी हा सौदा वाईटच होता.

म्हणून हरलेल्या फेरीत आधी ते मेक हलवा ज्यांच्या पाठीमागे या फेरीत कुणी पोचूच शकत नाही. कुणी जंगलाआड लांब उभा असेल, कुणी आडोशाला. शत्रूचे उडी मारणारे आणि पळणारे मेक हलून होईपर्यंत अ‍ॅटलस हातात ठेवा. एखादा मेक कमी असल्यामुळे अ‍ॅटलस आधी हलवावाच लागला, तर हंचबॅकचा विचार सोडा आणि जेनरचा करा. आणि जिंकलेल्या फेरीतही पुढची फेरी हरणार असं धरूनच उभे राहा, कारण या फेरीत शेवटी हललेला पुढच्या फेरीत पहिला हलू शकतो. मग मध्ये शत्रूला सगळा पट मोकळा मिळतो.

पाठीमागे आपलाच दुसरा मेक उभा केला तर मार अडतो का?

गोळ्या अडत नाहीत. बॅटलटेकमध्ये मध्ये उभा असलेला मेक दृष्टिरेषा अडवत नाही, त्याच्या आरपार नेम धरता येतो. बाहुली मोठी दिसते म्हणून अनेकांना हे पटत नाही, पण नियम स्पष्ट आहे.

अडते ती जागा. एका हेक्समध्ये एकच मेक, आणि शत्रूच्या मेकच्या हेक्समधून पलीकडे जाता येत नाही. पाठीचा चिकटलेला हेक्स आपल्या मेकने भरला की तिथून लाथ-ठोसा येणार नाही. पण लेझर तीन हेक्सवरूनही येतो.

त्याहून चांगलं म्हणजे पहारेकरी दोन-तीन हेक्स मागे, थोडा बाजूला ठेवणं, असा की अ‍ॅटलसच्या पाठीची सगळी जागा त्याच्या समोरच्या आर्कमध्ये यावी. ५० टनांचा हंचबॅक एचबीके-४जी या कामाला मला सगळ्यात योग्य वाटतो. तो ४ चालतो, ६ पळतो, त्यामुळे अ‍ॅटलसला सोडून पुढे जावं लागत नाही आणि मागेही पडत नाही. त्याच्याकडेही एसी-२० आहे. जेनरचा खेळाडू अ‍ॅटलसच्या पाठीकडे बघताना ती तोफही बघतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

नकाशाच्या काठाला पाठ लावून उभं राहिलं तर?

पाठीवर मार बसणार नाही, कारण तिथे उभं राहायला जागाच नाही. पण नेहमीचा नकाशा १५ बाय १७ हेक्सचा असतो. या काठापासून त्या काठापर्यंत सरळ चालत जायला अ‍ॅटलसला ६ फेऱ्या लागतात, वाटेत टेकडी-जंगल नसताना. शत्रूने तुमच्याकडे दुर्लक्ष करून तुमच्या बाकीच्या मेकना घेरलं, तर तुम्ही फक्त बघत राहता. काठ वापरा तो डावाच्या शेवटी, किंवा पाठ आधीच फुटलेली असताना.

त्यापेक्षा पाठीशी उंच टेकडी असलेली बरी. चालणाऱ्या मेकला एका हेक्समध्ये दोनपेक्षा जास्त पातळ्या चढता-उतरता येत नाहीत, म्हणजे तीन पातळ्यांचा सरळ कडा पाठीशी असला की पळत येणारा अडतो. उडी मारणारा अडत नाही. ३० टनांचा स्पायडर ८ हेक्सची उडी मारतो आणि उतरताना हवं तिकडे तोंड करतो, वळायचे पॉइंट त्याला लागतच नाहीत. समोरच्याकडे स्पायडर आहे की नाही हे बघूनच कड्यावर भरवसा ठेवा. जंगल पाठीशी असेल तर शत्रूचा नेम थोडा बिघडतो, एवढंच.

बाजू द्यायचीच तर कुठली द्यावी?

बाजू देणं म्हणजे फुकट सुटणं नव्हे. डाव्या बाजूने आलेल्या माराचे ३६ पैकी २१ फटके डाव्या हातावर, डाव्या पायावर किंवा डाव्या धडावर पडतात, तिघांना सात-सात. समोरून आलेल्या मारात हाच आकडा १४ असतो. म्हणजे एकच बाजू दर फेरीत दिलीत तर तो भाग लवकर झिजतो. बाजू आलटून-पालटून द्या.

अ‍ॅटलसपुरतं बोलायचं तर लांबून एलआरएमचा उपयोग आहे तोवर मी उजवी बाजू पुढे करते, आणि गाठ पडली की डावी. जवळच्या लढाईत एलआरएम-२० गेलं तरी चालेल, एसी-२० जाता कामा नये. मात्र दारूगोळा दोन्ही धडांत आहे. आर्मर संपलेली बाजू, मग ती कुठलीही असो, पुन्हा दाखवायची नाही.

इनर स्फिअरचं (खेळाच्या जगातल्या एका गटाचं) एक्सएल इंजिन, म्हणजे बाजूच्या धडांतही पसरलेलं हलकं इंजिन, असलेल्या मेकला हा सल्ला लागू पडत नाही. एएस७-के अ‍ॅटलसमध्ये तसं इंजिन आहे. त्याचं एक बाजूचं धड उडालं की मेक संपला. अशा मेकने बाजूही पाठीइतकीच जपायची.

मागे बसवलेले दोन मीडियम लेझर खरंच उपयोगाचे आहेत का?

नुकसान करण्यासाठी फारसे नाहीत. मुख्य लक्ष्य समोर असताना मागच्यावर मारलं तर नेमाला २ चा तोटा होतो, आणि मागे आलेला हलका मेक सहसा इतका पळालेला असतो की नेम आधीच अवघड असतो. १० हेक्स पळालेल्या मेकवर, स्वतः चालून, जवळून मारायचं तर ४, ४ आणि १ मिळून ९ लागतात, त्यात हे २ मिळवले की ११. दोन फाशांवर ११ किंवा जास्त ३६ पैकी ३ वेळाच पडतात.

तरी मी ते मारते, उष्णता परवडत असेल तर. एसी-२० चे ७, चार मीडियम लेझरचे १२, एसआरएम-६ चे ४ मिळून २३ होतात आणि हीट सिंक (उष्णता काढून टाकणारे भाग) २० आहेत. तेव्हा एलआरएम बंद ठेवलं तर ओझं पेलण्यासारखं असतं.

शत्रू चिकटला तर लाथ मारावी की ठोसा?

समोर असेल तर लाथ. नुकसान टनेजच्या पाचव्या भागाचं, म्हणजे अ‍ॅटलसची लाथ २० ची. हलक्या मेकचा पाय सहसा एका लाथेत जातो, नाही गेला तरी त्याला तोल सावरायचा रोल टाकावा लागतो. लाथ चुकली तर तो रोल आपल्याला टाकावा लागतो. लाथ पायांच्या समोरच लागते, ट्विस्टने तिची दिशा बदलत नाही. ठोसा मात्र ट्विस्टबरोबर वळतो, दर हाताला १० चा, पण त्या हाताचं शस्त्र त्या फेरीत वापरलेलं नसावं लागतं. ठोशाच्या तक्त्यात सहापैकी एकदा डोकं लागतं, हेही विसरू नका.

पाठीला चिकटलेल्याला लाथ पोचत नाही. तिच्यासाठी पुढच्या फेरीत पूर्ण वळू नका. तो तोवर निघून गेलेला असेल.

मोठा मेक पडला तर त्याचं तोंड कुठे धरायचं?

एक फासा टाकायचा. १ पडला तर तोंड तसंच आणि मेक पालथा. २ आणि ३ ला तो उजवीकडे एक किंवा दोन कडा वळून उजव्या कुशीवर पडतो, ५ आणि ६ ला डावीकडे दोन किंवा एक कड वळून डाव्या. ४ पडला तर तोंड उलट दिशेला आणि मेक पाठीवर. पडण्याचं नुकसान दर १० टनांमागे १, म्हणजे अ‍ॅटलसला सपाट जमिनीवर १०, ते पाच-पाचच्या दोन गटांत. ४ पडला तर हे गट पाठीकडून मोजतात, आणि पाठीचं आर्मर आधीच कमी असेल तर पडण्यानेच ते संपू शकतं. एका टप्प्यात २० किंवा जास्त नुकसान झालं की तोल सावरायचा रोल लागतो, म्हणून पाठ झिजलेल्या मेकने उगाच चार जणांच्या नेमात उभं राहू नये. उठायच्या प्रत्येक प्रयत्नाला २ पॉइंट जातात. चालण्याच्या ३ मधून ते वजा केलेत की पुढे हलायला एकच उरतो.

चार पायांच्या मेकला हेच लागू आहे का?

बरंचसं. त्यांना टॉर्सो ट्विस्ट नसतो, पण तोंड न वळवता तिरकं सरकता येतं, १ पॉइंट जास्त देऊन. ८० टनांचा गोलायथ खेळवत असाल तर पाठ लपवायला वळण्याऐवजी सरकायची सवय लावा.

अल्फा स्ट्राइकमध्ये (बॅटलटेकच्या जलद, सोप्या आवृत्तीत)?

तिथे हालचालीच्या शेवटी हवं तिकडे तोंड फुकट करता येतं, आणि पाठीवर बसलेला मार १ ने वाढतो. हिशेब सोपा आहे, पण कोण शेवटी हलतो याचं महत्त्व तितकंच.

याचा सराव एकट्याने कसा करावा?

एकच नकाशा घ्या, मधोमध अ‍ॅटलस, दोन विरुद्ध कोपऱ्यांत दोन जेनर. मारा करू नका, फक्त इनिशिएटिव्ह आणि हालचाल खेळा, आठ फेऱ्या. जेनर स्वतःच हलवा आणि दर वेळी पाठीचा हेक्स शोधा. फेरीच्या शेवटी कागदावर तीन रकान्यांत खूण करा: समोर, बाजू, पाठ. मग तेच पुन्हा खेळा, पण या वेळी अ‍ॅटलसच्या मागे दोन हेक्सवर हंचबॅक ठेवून, आणि तो जिथे असेल त्याच्या समोर येणाऱ्या जेनरची खूण गोलात करा. दोन कागद शेजारी ठेवले की कुठल्या फेरीत आधी हलल्यामुळे पाठ गेली आणि कुठल्या फेरीत एका कडेच्या वळणाने वाचली, हे बोट ठेवून दाखवता येतं.